लहान मुलांचा खेळ आणि सुट्टीतील सहली : सुरक्षिततेविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पुढील प्रश्न साधारणपणे एक ते सात वर्षे वयाच्या मुलांचे पालक, त्यांचे आजी-आजोबा आणि मे महिन्यात भाचरांचा गोंधळ हौसेने अंगावर घेणारे मामा-मामी यांच्या मनात येणारे आहेत. उत्तरे लिहिताना महाराष्ट्रातील घरे, सोसायट्या, गावे आणि समुद्रकिनारे डोळ्यांसमोर ठेवले आहेत. प्रथमोपचाराची माहिती डॉक्टरांपर्यंत पोहोचेपर्यंतच्या वेळेपुरती आहे.

घरात इतकी माणसे असताना लहान मुलाला अपघात होतोच कसा?

माणसे पुष्कळ असतात म्हणूनच बऱ्याचदा होतो. लग्नघर, मुंज, गणपती किंवा उन्हाळ्यातील आजोळ अशा भरल्या घरात आईला वाटते की मूल आजीजवळ आहे, आजीला वाटते की ते मोठ्या भावंडांबरोबर अंगणात गेले आहे, आणि ती भावंडे तर पत्त्यांच्या डावात रमलेली असतात. प्रत्येकाचे थोडे लक्ष असते आणि पूर्ण लक्ष कोणाचेच नसते. ‘आत्ता मूल कोणाकडे आहे?’ या प्रश्नाला दिवसाच्या कोणत्याही क्षणी एकाच प्रौढ व्यक्तीचे नाव उत्तर म्हणून मिळायला हवे. ते मिळत नसेल, तर घरात बारा माणसे असली काय आणि दोन असली काय, फरक पडत नाही.

मग ही जबाबदारी प्रत्यक्षात कशी वाटून घ्यावी?

नाव घेऊन आणि होकार मिळवून. ‘जरा लक्ष ठेवा हं’ असे ओसरीवरच्या सर्वांना उद्देशून म्हटलेले वाक्य कोणालाच बांधून ठेवत नाही. ‘मामी, मी आंघोळीला जाते, बाळ आता तुमच्याकडे’ असे म्हणावे आणि मामींनी ‘हो, माझ्याकडे’ म्हटल्याशिवाय जागचे हलू नये. सुरुवातीला हे नाटकी वाटते, दोन दिवसांत अंगवळणी पडते. ज्याच्याकडे मूल आहे त्याने त्या वेळेत सांडगे तळायला घेऊ नयेत, फोनवर बोलत अंगणाच्या टोकापर्यंत जाऊ नये, आणि काम निघालेच तर मूल दुसऱ्याच्या स्वाधीन करूनच उठावे. पाण्याजवळ अर्ध्या-अर्ध्या तासाच्या पाळ्या लावलेल्या बऱ्या, कारण त्याहून जास्त वेळ एकटक लक्ष देणे मोठ्यांनाही जमत नाही. नऊ-दहा वर्षांच्या ताईला किंवा दादाला लहानग्याचा राखणदार करणे हा त्या दोघांवरही अन्याय आहे. ते खेळायला जातील, पण जबाबदार माणूस म्हणून त्यांचे नाव धरू नये.

गावाकडील विहीर आणि शेततळे यांपैकी अधिक धोकादायक काय?

विहिरीचा धाक गावात पिढ्यानपिढ्या आहे. तिला कठडा असतो, लहान मुलांनी तिकडे फिरकायचे नाही हे सर्वांनी ऐकलेले असते. तरीही कठडा नसलेली जुनी विहीर किंवा झाडोऱ्यात लपलेला आड घराजवळ असेल, तर मुले येण्याआधी त्यावर जाळी बसवून घ्यावी.

शेततळ्याविषयी मात्र हा धाक अजून पुरेसा तयार झालेला नाही. २०१६ मध्ये ‘मागेल त्याला शेततळे’ ही योजना सुरू झाल्यानंतर राज्यात शेततळ्यांची संख्या पुष्कळ वाढली, आणि त्यांपैकी अनेकांना पाणी मुरू नये म्हणून प्लास्टिकचे अस्तर घातलेले असते. वरून पाहणाऱ्याला तो एक शांत, उथळ उताराचा तलाव दिसतो. परंतु त्या उतरत्या अस्तरावर पाण्याच्या रेषेजवळ शेवाळाचा पातळ थर धरलेला असतो, आणि एकदा पाय घसरला की हाताला धरायला तिथे ना दगड असतो ना मुळी. माणूस दोन पावले वर सरकतो आणि पुन्हा खाली येतो. पोहता येणारा मोठा माणूसही त्यातून आधाराशिवाय सहज बाहेर पडू शकत नाही, आणि मुलाला वाचवायला उडी घेणाराही तिथेच अडकतो. म्हणून शेततळ्याला चारही बाजूंनी तारेचे किंवा जाळीचे कुंपण आणि कुलूप लावता येईल असे फाटक असलेच पाहिजे. शिवाय काठावरच्या पक्क्या खुंटाला बांधून आत सोडलेले, हातभर अंतरावर गाठी मारलेले दोन-तीन दोर आणि हवा भरलेली एखादी जुनी ट्यूब कायम ठेवावी. पाहुणे म्हणून जात असाल आणि कुंपण नसेल, तर यजमानांना वाईट वाटेल म्हणून गप्प बसू नये. निदान मुक्कामाच्या काळात मुलांचा खेळ त्या दिशेला नेऊ नये.

बुडणारे मूल आरडाओरडा करते का? बाहेर काढल्यावर काय करावे?

लहान मूल बहुधा आवाज न करता बुडते. श्वास घेण्याचीच धडपड चालू असल्यामुळे हाक मारायला हवा उरत नाही, आणि हात वर हलवण्याऐवजी ते पाणी खाली दाबत राहतात. त्यामुळे ‘ओरडले तर ऐकू येईलच’ हा भरवसा ठेवू नये. पोहता न येणारे मूल पाण्यात असताना मोठे माणूस हात लांब करून त्याला धरता येईल इतक्या अंतरावर असावे. हवा भरलेले रंगीत पंख आणि टायर ही खेळणी आहेत, त्यांना जीवरक्षक साधन मानू नये.

बाहेर काढलेले मूल श्वास घेत नसेल, तर त्याला उलटे टांगणे, गरगर फिरवणे किंवा पोट दाबून पाणी काढणे यांत मोलाची मिनिटे जातात आणि पोटातले अन्न श्वासनलिकेत जाऊ शकते. मुलाला कठीण जमिनीवर उताणे ठेवून, हनुवटी किंचित वर करून आधी पाच वेळा तोंडाने श्वास द्यावा. नंतर छातीच्या मध्यावर तीस दाब आणि दोन श्वास हा क्रम मदत येईपर्यंत चालू ठेवावा, आणि तोवर दुसऱ्या कोणी १०८ ला फोन करावा. मूल शुद्धीवर येऊन हसू-खेळू लागले तरी त्याला त्याच दिवशी रुग्णालयात दाखवावे, कारण फुप्फुसांचा त्रास काही तासांनी वाढू शकतो.

आम्ही शहरात फ्लॅटमध्ये राहतो. आम्हाला पाण्याची काळजी कशाला?

नुकते चालू लागलेले मूल अर्ध्या भरलेल्या बादलीत वाकले, तर त्याचे डोके जड असल्यामुळे ते तोंडावर आत पडते आणि स्वतः बाहेर येऊ शकत नाही. पाणी दिवसातून एकदाच येत असल्याने पिंप आणि बादल्या भरून ठेवणे अनेक घरांना चुकत नाही. तेव्हा पिंपावर घट्ट झाकण आणि न्हाणीघराच्या दाराला बाहेरून वरची कडी, एवढे तरी करावे.

सोसायटीच्या आवारातील जमिनीखालच्या टाकीचे झाकण हा दुसरा विषय. मार्च २०२४ मध्ये मुंबईत वडाळ्यातील एका सार्वजनिक उद्यानात पाण्याच्या टाकीत पडून दोन लहान सख्ख्या भावांचा मृत्यू झाला. टाकीवर ताडपत्री, पत्रा किंवा फळी टाकणे म्हणजे झाकण लावणे नाही. झाकण मुलाला उचलता येणार नाही इतके जड आणि कुलूपबंद असावे, आणि टँकरवाला येऊन गेल्यानंतर ते परत लावले का, हे पाहण्याचे काम सोसायटीने एका ठरावीक व्यक्तीकडे द्यावे.

समुद्रकिनाऱ्यावर मुलांना पाण्यात नेताना काय पाहावे?

पहिली चौकशी भरती-ओहोटीची. दिवसाकाठी दोन भरत्या आणि दोन ओहोट्या येतात, आणि त्यांच्या वेळा रोज पाऊण तासाहून थोड्या अधिक पुढे सरकतात. कोकणात तिथीच्या पाऊणपटीचा जुना हिशेब आहे: चतुर्थीला साधारण तीन वाजता, अष्टमीला सहा वाजता पूर्ण भरती. अंदाजासाठी तो आजही उपयोगी आहे, नेमकी वेळ मात्र स्थानिक कोळी बांधवांना किंवा जीवरक्षकांना विचारावी. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण असते, तेव्हा पाणी जास्त चढते आणि ओहोटीला तितकेच जोरात मागे जाते. घोट्याएवढ्या पाण्यात उभ्या असलेल्या मुलाच्या पायाखालची वाळू परतणाऱ्या लाटेबरोबर सरकते आणि ते पाण्याकडे पाठ करून उभे असेल तर बसकण मारते. पुढची लाट त्याच्या अंगावरून जाते. एवढ्यानेही घात होऊ शकतो. म्हणून लहान मुलाचा हात धरताना बोटे न धरता मनगट धरावे.

भरतीच्या वेळी खडकांवर शिंपले वेचायला जाऊ नये. मागची वाट कधी पाण्याखाली गेली हे कळत नाही. ज्या ठिकाणी गावकरी ‘इथे पाण्याला ओढ आहे’ म्हणतात, तिथे वाद न घालता निघावे.

पावसाळ्याच्या सुमारास आपल्या किनाऱ्यांवर दंश करणारे निळे जेलीफिश वाळूत पडलेले आढळतात. ते फुग्यासारखे सुंदर दिसतात आणि मुले नेमकी तेच उचलायला धावतात. मेलेल्या जेलीफिशच्या धाग्यांनीही दंश होतो. २०१३ च्या गणेशोत्सवात गिरगाव चौपाटीवर विसर्जनासाठी पाण्यात उतरलेल्या अनेकांना पाकट माशांनी दंश केला होता. पाकटाचा काटा लागल्यास सोसवेल इतक्या गरम पाण्यात पाय बुडवून ठेवल्याने वेदना कमी होते, त्यानंतर रुग्णालय गाठावे. जेलीफिशचा दंश असेल तर जागा चोळू नये आणि धागे उघड्या हाताने काढू नयेत.

पावसाळ्यात धबधब्यावर लहान मुलांना न्यावे का?

लांबून दाखवावे, पाण्यात नेऊ नये, असे स्पष्ट मत आहे. ३० जून २०२४ रोजी लोणावळ्यात भुशी धरणाच्या मागील बाजूच्या धबधब्यात एकाच कुटुंबातील पाच जण वाहून गेले, त्यांत लहान मुलेही होती. अशा प्रवाहात पाणी वाढते ते वर डोंगरात पडलेल्या पावसामुळे. तुम्ही उभे आहात तिथे ऊन असू शकते. पाणी गढूळ होऊ लागले, काड्या-पाने वाहत येऊ लागली किंवा आवाज बदलला, तर वस्तू गोळा करत न बसता काठ गाठावा. मुलाला खांद्यावर बसवून प्रवाह ओलांडणे हे धाडस फोटोपुरतेच बरे दिसते. पाण्याखाली माणसाचा पाय घसरला की दोघेही जातात.

आजोळी विंचू-सापाची भीती वाटते. मुलांना अंगणात खेळू द्यावे की नाही?

जरूर खेळू द्यावे. लाकडांचा ढीग, कौलांची रास, दगडी गडगा आणि गोठ्याचा कोपरा एवढ्या जागा मात्र वर्ज्य कराव्यात. संध्याकाळनंतर अनवाणी फिरू नये, बॅटरी सोबत असावी, आणि रात्रभर बाहेर राहिलेल्या चपला झटकूनच पायांत घालाव्यात.

लाल विंचवाचा दंश लहान मुलांना जिवावर बेतू शकतो. महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी कोकणातील अशा रुग्णांचा वर्षानुवर्षे अभ्यास करून प्राझोसिन या औषधाचा उपयोग दाखवून दिला आणि त्यानंतर मृत्यूचे प्रमाण पुष्कळ घटले. पण हे औषध वेळेवर मिळाले तरच उपयोगी पडते. दंशानंतर मुलाला दरदरून घाम फुटला, उलट्या झाल्या, हातपाय गार पडले, तर मांत्रिक, कांद्याचा रस आणि उतारा यांत अर्धा तासही घालवू नये.

सापांपैकी नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे हे चार विषारी साप आपल्याकडे लक्षात ठेवायचे. मण्यार बहुधा रात्री, जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावते. तिच्या दंशाची खूण दिसत नाही आणि दुखतही नाही. पहाटे मूल पोटदुखीने रडत उठले, पापण्या जड होऊन मिटू लागल्या, गिळता येईना, तर जमिनीवर झोपले होते एवढी माहितीसुद्धा डॉक्टरांना महत्त्वाची असते. शक्यतो मुलांना खाटेवर आणि चारी बाजूंनी खोचलेल्या मच्छरदाणीत झोपवावे. दंश झाल्यास दोरी आवळू नये, जखम कापू-चोखू नये, चावलेला हात किंवा पाय फळीला बांधून स्थिर ठेवावा, मुलाला चालू न देता उचलून न्यावे आणि १०८ ला फोन करावा. प्रतिविषाची मात्रा मुलांना मोठ्यांइतकीच लागते, कारण सापाने सोडलेले विष मूल लहान म्हणून कमी नसते. डॉक्टरांनी तेवढी मात्रा दिली तर घाबरू नये.

खेळताना मुलाच्या घशात काही अडकले तर?

शेंगदाणे, फुटाणे, चिंचोके, बोराची आणि सीताफळाची बी, गोल कापलेले गाजर, आख्खी द्राक्षे आणि फुगा फुटल्यावरचा रबराचा तुकडा हे नेहमीचे गुन्हेगार आहेत. चार-पाच वर्षांपर्यंत शेंगदाणा कुटाच्या रूपातच द्यावा आणि धावता-उड्या मारता काही खाऊ देऊ नये. हसवत किंवा झोपवून घास भरवणे, ही आजी लोकांची जुनी लाडाची पद्धत, पण सोडण्यासारखी आहे.

मूल जोराने खोकत असेल तर त्याला खोकू द्यावे. आवाज बंद झाला, चेहरा निळसर पडू लागला, तर एक वर्षाखालील बाळाला हातावर पालथे, डोके खाली करून दोन्ही खांद्यांच्या मध्ये तळहाताने पाच ठोके द्यावेत आणि मग उताणे करून छातीच्या हाडावर दोन बोटांनी पाच दाब द्यावेत. एक वर्षावरील मुलाला पाठीत ठोके देऊन भागले नाही, तर मागून कवेत घेऊन बेंबीच्या वर मूठ ठेवून आत व वर असे पाच झटके द्यावेत. न दिसणारी वस्तू बोट घालून काढू नये, ती आणखी खाली जाते.

एक गोष्ट पालकांच्या हमखास नजरेतून सुटते. ठसका लागला, थांबला, मूल खेळायला गेले, आणि नंतर आठवडाभर खोकला व छातीत शिटी वाजल्यासारखा आवाज चालू राहिला. दाण्याचा तुकडा श्वासनलिकेत बसलेला असू शकतो आणि तो साध्या एक्स-रेवर दिसेलच असे नाही. डॉक्टरांना ठसक्याची हकीकत आवर्जून सांगावी, म्हणजे ते दुर्बिणीने तपासणीचा विचार करतील.

जत्रेतील आणि बाजारातील खेळणी कशी पारखावीत?

१ जानेवारी २०२१ पासून भारतात विकल्या जाणाऱ्या खेळण्यांवर आयएसआय चिन्ह बंधनकारक आहे. जत्रेतल्या टोपलीत ते शोधून सापडणार नाही, हे उघड आहे. तीन वर्षांखालील मुलासाठी सोपी कसोटी अशी की, कागदी रुमालाच्या गुंडाळीतील पुठ्ठ्याच्या नळीतून जी वस्तू आरपार जाते ती त्याच्या हातात देऊ नये.

सर्वांत जास्त काळजी चपट्या बटण सेलची घ्यावी. दिवे लागणाऱ्या चपला, बोलणारी बाहुली, रिमोट, वाढदिवसाचे गाणारे कार्ड यांत ते असतात. गिळलेला सेल अन्ननलिकेत अडकला तर दोन तासांत तिथला भाग जळू लागतो, आणि सुरुवातीला मूल फक्त लाळ गाळते किंवा जेवायला नाही म्हणते. अशी शंका आली तर उलटी करवू नये, सकाळपर्यंत थांबू नये, आणि एक्स-रेची सोय असलेल्या रुग्णालयात थेट जावे. सेलचे झाकण स्क्रूने बसवलेले नसेल तर ते खेळणे दुकानातच ठेवावे.

घरातील आणखी कोणत्या वस्तू खेळण्यासारख्या दिसतात?

चुन्याची पुडी किंवा नळी. आजोबांच्या कोपरीच्या खिशातून ती मुलाच्या हाती येते, मूल ती दोन्ही मुठींत धरून दाबते, आणि एका बाजूने फुटून चुना सरळ डोळ्यात उडतो. चुना डोळ्याच्या आत जळत राहतो आणि कायमची दृष्टी जाऊ शकते. अशा वेळी रुग्णालयाकडे पळण्याआधी डोळा नळाच्या सौम्य धारेखाली धरून, पापण्या उघड्या ठेवून, किमान अर्धा तास धुवावा. मूल किंचाळते, ते धरून ठेवायला दोन माणसे लागतात, तरी थांबू नये. तूप, दूध किंवा गुलाबपाणी घालू नये. त्यानंतर त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञांकडे जावे.

रॉकेल, फिनेल किंवा ॲसिड शीतपेयाच्या बाटलीत भरून ठेवू नये. मुलाने ते प्यायल्यास उलटी करवू नये आणि बाटली रुग्णालयात सोबत न्यावी.

बाल्कनी, गच्ची आणि झोका यांबाबत काय नियम पाळावेत?

कठड्याजवळ स्टूल, कुंडी, टेबल, जुनी वॉशिंग मशीन असे चढायला पायरी होईल असे काहीही नसावे. गजांमधील फट चार इंचांपेक्षा जास्त नसावी, आणि आडव्या गजांची जाळी ही मुलाच्या दृष्टीने शिडीच असते. सरकत्या खिडकीला डासांची जाळी लावलेली आहे म्हणून निश्चिंत होऊ नये, ती मुलाचा भार पेलत नाही.

साडीचा किंवा ओढणीचा घरगुती झोका बाळ झोपेपर्यंत ठीक असतो. मोठी मुले त्यात उभी राहून गिरक्या घेतात, पीळ बसत जातो आणि मानेला फास लागू शकतो. बाळ त्यातून उचलल्यावर झोका सोडून ठेवावा. पडद्यांच्या लोंबत्या दोऱ्यांचीही तीच गत आहे.

मूल डोक्यावर पडले. लगेच रुग्णालयात नेले पाहिजे का?

लगेच रडले, थोड्या वेळात शांत झाले आणि नेहमीसारखे खेळू लागले, तर चोवीस तास लक्ष ठेवणे बहुधा पुरेसे असते. क्षणभरही शुद्ध हरपली, दोनपेक्षा जास्त उलट्या झाल्या, झटका आला, नाक-कानातून रक्त किंवा पाणी आले, झोपेतून नीट जागे होईना, किंवा मूल एक वर्षाखालील असेल, तर नेलेच पाहिजे. टेंगळावर हळद लावायला हरकत नाही, पण तिने आतली इजा कळत नाही.

स्कूटरवर किंवा गाडीत लहान मुलांना कसे बसवावे?

१५ फेब्रुवारी २०२३ पासून लागू असलेल्या केंद्रीय नियमांनुसार नऊ महिने ते चार वर्षे वयाच्या मुलाला दुचाकीवर नेताना चालकाला जोडलेला सुरक्षापट्टा आणि मुलाच्या मापाचे हेल्मेट आवश्यक आहे, आणि वेग ताशी ४० किलोमीटरपेक्षा जास्त ठेवता येत नाही. चार वर्षांवरील प्रत्येकाला हेल्मेट आहेच. पुढे पायाशी उभे केलेले मूल जोरात ब्रेक लागताच हँडलवर आपटते. मागे बसलेल्या मुलाचा पाय चाकाच्या आऱ्यांत जाऊन टाच सोलली जाण्याची इजा आपल्याकडे नेहमीची आहे, म्हणून मागच्या चाकाचे साडी गार्ड काढून टाकू नये.

मोटारीत पुढच्या आसनावर आईच्या मांडीवरचे मूल सुरक्षित नसते. धडकेच्या क्षणी त्याला हातांनी धरून ठेवणे कोणालाही शक्य नाही. चौदा वर्षांखालील मुलाला पट्टा किंवा बालआसन न वापरल्यास १,००० रुपये दंड आहे. बंद उभ्या मोटारीत मुलाला ‘दोन मिनिटे’सुद्धा एकटे ठेवू नये, उन्हात आतील तापमान दहा मिनिटांत सुमारे दहा अंशांनी वाढते. गावाकडे ट्रॅक्टरच्या मडगार्डवर मुलांना बसवण्याची हौस पुरवू नये, आणि अंगणातून गाडी मागे घेण्यापूर्वी मुले कोणाकडे आहेत हे विचारूनच गिअर टाकावा.

कुत्र्याने नुसते ओरखडले, रक्त आले नाही. तरीही लस हवी का?

ओरखडा असेल तर हवी. आधी जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुवावी. मिरचीपूड, चुना, तेल लावू नये. रक्त आले असल्यास लशीबरोबर जखमेत प्रतिपिंडांचे इंजेक्शनही लागते, ते विचारून घ्यावे. लशीचे सर्व डोस पूर्ण करावेत. खाताना, झोपलेले असताना किंवा पिल्लांजवळ असताना कुत्र्याच्या जवळ जायचे नाही, हे मुलाला तीन वर्षांपासून शिकवता येते.

संक्रांतीचे पतंग आणि दिवाळीचे फटाके?

नायलॉन मांज्यावर राष्ट्रीय हरित लवादाने २०१७ मध्ये देशभर बंदी घातली, तरी तो मिळतो. तो मुलांना घेऊन देऊ नये आणि त्या दिवसांत स्कूटरवर पुढे मूल बसवून फिरणे टाळावे. कठडा नसलेल्या गच्चीवर पतंग उडवू नये, कारण उडवणाऱ्याची नजर आकाशात आणि पावले मागे जात असतात.

फुलबाजी निरुपद्रवी समजून सर्वांत लहान मुलाच्या हाती दिली जाते, पण तिचे टोक हजार अंशांहून अधिक तापते आणि विझलेली तार अंगणात टाकली की अनवाणी पाय तिच्यावर पडतो. पाण्याची बादली शेजारी ठेवून प्रत्येक तार त्यातच टाकावी. भाजल्यास वीस मिनिटे साध्या वाहत्या पाण्याखाली धरावे. बर्फ, टूथपेस्ट, शाई काही नको.

जत्रेत किंवा रेल्वे स्थानकावर मूल हरवले तर?

निघतानाच मोबाईलवर त्या दिवशीच्या कपड्यांतील फोटो काढून ठेवावा आणि मुलाच्या खिशात फोन क्रमांकाची चिठ्ठी घालावी. नाव मोठ्या अक्षरांत कपड्यांवर लिहू नये, अनोळखी माणूस नावाने हाक मारून विश्वास मिळवतो. मुलाला एवढेच शिकवावे: चुकामूक झाली तर तिथेच उभे राहायचे आणि पोलीस किंवा मुलांबरोबर असलेल्या एखाद्या काकूंना सांगायचे. शोधताना सर्वांनी चहूकडे पांगण्याऐवजी एकाने मूल शेवटचे दिसले त्या जागी थांबावे. जवळपास पाणी असेल तर पहिला शोध तिकडे घ्यावा. पोलिसांना ११२ वर आणि बालसाहाय्यासाठी १०९८ वर लगेच कळवावे, वाट पाहण्याचा कोणताही नियम नाही.

पाहुण्यांनी भरलेल्या घरात मुलांच्या अंगचटीला येण्याबाबत कसे बोलावे?

साध्या शब्दांत आणि आधीच. नको असेल तर पापा द्यायचा नाही, मांडीवर बसायचे नाही, हे मुलाला सांगावे आणि नातेवाइकांसमोर त्याची बाजूही घ्यावी. ‘काका आहेत ना, जा’ असा आग्रह धरू नये. मुलाने काही सांगितले तर त्याच्यावर विश्वास ठेवावा. बाललैंगिक अत्याचारांविरुद्ध २०१२ चा पॉक्सो कायदा आहे आणि १०९८ वर मार्गदर्शन मिळते.

सहलीच्या पिशवीत काय असावे?

ओआरएसची पाकिटे (पूर्ण पाकीट त्यावर लिहिलेल्या मापाच्या पाण्यात, अर्धे-पाव करू नये), मुलाच्या वजनानुसार डॉक्टरांनी लिहून दिलेले पॅरासिटामॉल, निर्जंतुक पट्ट्या, छोटी कात्री, चिमटा, साबणाची वडी, शिट्टी आणि बॅटरी. याशिवाय मुक्कामाच्या ठिकाणाहून जवळचे, प्रतिविष उपलब्ध असलेले सरकारी रुग्णालय कोणते, हे पोहोचल्या दिवशीच विचारून कागदावर लिहून ठेवावे. घाटात आणि किनाऱ्यालगत मोबाईलला रेंज असेलच असे नाही.